बर्फाचे चाळीस आणि माझा अंगठा

चिरंजीव बारक्यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इथे धडधाकट आहोत. तूही असशीलच, कारण नसतास तर तुझ्या बायकोचं पत्र केव्हाच आलं असतं आणि त्यात तुझ्या पथ्याची यादी असती. तिची कंबर आता कशी आहे ते कळव. तुझं पोट कसं आहे ते विचारत नाही, मागच्या खेपेला ते दारातून तुझ्या आधी आत आलं होतं. (तुझं नाव बारक्या पडलं तेव्हा तू चिमटीत मावत होतास. आता बदलायला उशीर झाला.) बाजार निरीक्षकाच्या हुद्द्यावरच्या माणसाला, तेही निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असताना, बारक्या म्हणू नये असं सूनबाईचं मत आहे. पण तिने तुला कडेवर घेतलेलं नाही, मी घेतलेलं आहे, आणि तेव्हा तू माझ्या खांद्याचं काय करायचास ते तिला सांगितलं तर तिच्या पेनातून 'साहेब' हा शब्द उतरायचा नाही.

पत्र नेहमीप्रमाणे मी बोलते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. तुझा भाचा कामासाठी बाहेरगावी आहे, दोन महिन्यांनी येईल, तोवर घरात आम्ही दोघीच. आमचा करार असा की मी बोलेन ते तिने काटछाट न करता लिहायचं, आणि मी दर दोन ओळींनी 'वाचून दाखव' म्हणायचं नाही. करार दोघीही पाळतो. म्हणजे तीही थोडा मोडते आणि मीही.

आधी आभार. तू पाठवलेला टेबलावरचा पंखा मंगळवारी सकाळी पोचला. खोक्यातून काढला, पुसला, टेबलावर मांडला, मी समोर खुर्ची ओढून बसले, सूनबाईने बटण दाबलं, पाती दोनदा फिरली आणि अख्ख्या वस्तीची वीज गेली. ती बरोबर आठ दिवसांनी आली. तुझ्या पंख्यामुळेच गेली असं शेजारी दोन-तीन जणांनी बोलून दाखवलं, पण तू मनाला लावून घेऊ नकोस. विजेच्या केंद्रातलं मोठं यंत्र जळलं होतं आणि त्याचा एक भाग कुठून तरी लांबून यायचा होता. आठ दिवस आम्ही तुझ्या पंख्याकडे बघत घामाघूम बसलो, आणि अगदी खरं सांगते, नुसतं बघूनही थोडं बरं वाटायचं. आपल्यासाठी कुणीतरी पैसे खर्च केले आहेत या विचाराचाही एक वारा असतो.

आता कामाचं. येत्या गुरुवारी तुझ्या कचेरीत आमच्या कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याची सुनावणी आहे. नफेखोरी केली म्हणून त्याचा परवाना काढून घ्यावा, असा आमच्या गल्लीचा अर्ज तुझ्याकडे आला आहे. त्याच्यावर सगळ्यात वर, जांभळ्या शाईत, जरा तिरपा पडलेला अंगठा तू पाहिलाच असशील. तो माझा. खाली नाव वाचून तू कपाळाला हात लावला असशील. आता हात काढ आणि तो अंगठा कसा पडला ते ऐक, कारण तो चुकीच्या जागी पडला आहे आणि त्यापायी एका माणसाची रोजी जायची वेळ आली आहे.

बर्फवाला तुला ठाऊक नाही. ठाऊक व्हावा असा तो माणूसच नाही. पन्नाशीचा, सडपातळ, सदा ओल्या बाह्यांचा. लाकडी पेटी, त्यात भुसा, भुशात लाद्या, हातात करवत. वीस वर्षांत त्याच्या तोंडून मी एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकला आहे, तो म्हणजे 'बरं'. लादी मोठी कापली म्हटलं तरी बरं, लहान कापली म्हटलं तरी बरं. एकदा कुणाची तरी सायकल त्याच्या पायावरून गेली आणि सायकलवाला उलटा त्यालाच ओरडला, तेव्हाही तो बरं म्हणाल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अशा माणसाशी भांडण करायचं म्हणजे आपल्यालाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

आणि बर्फाशी माझा संबंध काय, तर माझी साखरेची सुई. तुला माहीत आहे, सूनबाई मला सकाळ-संध्याकाळ टोचते (आणि टोचताना कधीकधी जरा जास्तच उत्साहात असते). इन्सुलिनच्या तीन महिन्यांच्या बाटल्या आदल्याच आठवड्यात आणून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. फ्रिज बंद पडला. माठात ठेवू म्हटलं, तर औषधवाला म्हणाला, आजी, या उन्हात तुमच्या माठातलं पाणी चहाला पुरेल इतकं तापलंय, बर्फच लागेल, रोज लागेल, नाहीतर सगळ्या बाटल्या फेकाव्या लागतील आणि नव्या इथे महिनाभर मिळायच्या नाहीत. म्हणजे माझा जीव त्या बाटल्यांत, बाटल्या डब्यात, डबा बर्फात आणि बर्फ त्या 'बरं'वाल्याच्या हातात.

पहिल्या दिवशी एका तुकड्याचे नेहमीसारखे दहा. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाटीवर पंधरा लिहिलेले. तिसऱ्या दिवशी पंचवीस. चौथ्या दिवशी चाळीस. (मला अक्षर येत नाही, आकडाही वाचता येत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आज पाटी काय म्हणते' असं विचारायला तोंड आहे.) मी रोज पाटीचा आकडा विचारायचे, तेवढे पैसे मोजून सूनबाईच्या हातावर ठेवायचे आणि ती गेली की बोलायला सुरुवात करायचे. चौथ्या दिवशी तर मी इतकी बोलले की घसा बसला. तीच पेटी, तोच भुसा, तीच करवत, पाणी देवाघरचं आणि भाव चौपट. आदल्या आठवड्यात जे दहाला परवडत होतं त्याला आज चाळीस का लागावेत? वरचे तीस जातात कुठे? मला तरी एकच जागा दिसत होती, त्याचा खिसा.

आमच्या गल्लीत निवृत्त हेडमास्तर राहतात. माणूस सज्जन, फक्त वीस वर्षं कुणाला शिक्षा न करता आल्यामुळे हाताला खाज असते. त्यांनी चौथ्या दिवशी संध्याकाळी अर्ज लिहिला आणि आमच्या ओट्यावर येऊन खड्या आवाजात वाचून दाखवला. त्यातलं पहिलंच कलम माझ्यावर होतं. 'सदर इसमाने एका वृद्ध, आजारी व निरक्षर स्त्रीकडून औषधाच्या बर्फासाठी चौपट दर उकळला.' निरक्षर म्हणजे काय ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मग मोजता येतं हेही लिहा म्हटलं, तर ते म्हणाले, त्याने कलमाचा जोर जाईल. सगळ्यात वडील म्हणून पहिला अंगठा माझा घेतला. दुसरी सही सरबतवाल्याची. त्याचं सरबताचं दुकान बर्फवाल्याला लागूनच आहे आणि चाळीसच्या बर्फाने त्याचं सरबत बंद पडलं होतं. मग बाकीच्यांच्या. अर्ज सकाळच्या टपालाने निघाला.

मी मात्र टपालाची वाट बघत बसणाऱ्यांपैकी नाही. पाचव्या दिवशी सकाळी सूनबाईला म्हटलं, आज तू घरी थांब, बर्फ मी स्वतः आणते. खुर्ची उचलून घेतली (उचलली हेडमास्तरांनी, मी फक्त कुठे ठेवायची ते सांगितलं) आणि बर्फाच्या पेटीसमोर रस्त्यात मांडून बसले. गर्दी जमली. मी जे बोलले ते पुन्हा सांगत नाही, सूनबाईचा हात दुखेल, पण चांगलं बोलले असं सगळे म्हणाले. शेवटी विचारलं, बोल, आजपासून दहा की नाही? तो माझ्याकडे बघत राहिला. मग पेटीच्या मागे एकदा बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाला, "बरं, आजी. दहा." ओल्या बाहीने पाटी पुसली आणि नवा आकडा लिहिला.

बारक्या, टाळ्या वाजल्या. आपल्या आयुष्यात कधी कुणी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या? मला तर वाटलं, अक्षर न शिकता एवढं जमलं, शिकले असते तर तुझ्या खुर्चीत मी असते. लोक येऊन माझे हात हातात घेत होते, हेडमास्तर माझी ओळख करून देत होते, जणू मला कुणी ओळखतच नव्हतं. मी प्रत्येकाशी चार शब्द बोलत होते. आणि माझ्या पाठीमागे बर्फ विकला जात होता.

सरबतवाल्याने मोठ्या सात लाद्या उचलल्या. हेडमास्तरांनी दोन नेल्या आणि घमेल्यात ठेवून त्यावर पाय ठेवून बसले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांनी जन्मात कधी बर्फ घेतला नव्हता त्यांनीही घेतला, कारण काल चाळीसचा होता आणि आज दहाचा होता, आणि एवढ्या स्वस्तात मिळणारी वस्तू नको म्हणणं कुणाच्याही जिवावर येतं. अर्ध्या तासात पेटीत ओला भुसा उरला. मी भाषण आटोपून, घाम पुसून, मोठ्या थाटात दहाची नाणी पुढे केली तेव्हा बर्फवाल्याची पेटीही बंद होती आणि तोही कुठे दिसत नव्हता. सगळ्या गल्लीला बर्फ मिळवून दिला आणि स्वतःचा घ्यायला विसरले. (सूनबाई इथे लिहिताना हसते आहे. मी करार मोडून तिला 'वाचून दाखव' म्हटलं. बरोबर लिहिलंय.)

घरी डब्यात कालचा बर्फ पाणी झालेला. दोघी निघालो सरबतवाल्याकडे. म्हटलं, बाबा, तुझ्या सात लाद्यांतला एक तुकडा दे, दहाचा दहाला. तो म्हणाला, आजी, मी बर्फ विकत नाही, माझा तसा परवानाच नाही, मी सरबत विकतो. त्याच्यात बर्फ असतो. एका ग्लासाचे पंधरा. सोमवारी पाच होते. साखर तीच, लिंबं तीच, बर्फ तर मी मिळवून दिलेल्या भावाने घेतलेला. मी म्हटलं, अरे, काल अर्जावर सही कुणी केली? तो म्हणाला, सही बर्फाच्या भावावर होती, आणि मी कुणाच्या घशात ओतत नाही, ज्याला हवं तो घेतो.

शेवटी पाच ग्लास घेतले. सरबत मला चालत नाही, साखर आहे म्हणून तर हा सगळा खटाटोप. सूनबाई तिथे बाकावर बसून एकेक ग्लास पीत होती आणि मी चहाच्या गाळणीत खालचे बर्फाचे खडे धरून डब्यात टाकत होते. चौथ्या ग्लासाला ती म्हणाली, आता माझ्या नाकातून येईल. मी म्हटलं, माझ्या जिवाचा प्रश्न आहे, पी. तिने प्यायलं. सून ही काय चीज असते हे त्या बाकावर मला कळलं, आणि ते या पत्रात तिच्याच हातून लिहून घेते आहे म्हणजे पुढे तिला नाकारता येणार नाही, आणि मलाही. सरबतवाल्याचेही आभारच मानायला हवेत. पाचव्या ग्लासात त्याने न सांगता मूठभर बर्फ जास्त टाकला. पैसे मात्र पंधराच घेतले, सोळा नाही.

तो बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला. सहाव्या दिवशी सकाळी बर्फाची पेटी उघडलीच नाही. लोक उन्हात उभे राहून आता त्याला नवीन शिव्या देत होते, बर्फ महाग दिला म्हणून नाही, दिला नाही म्हणून. कपाळावर बाटली लावून बघितली तर ती माझ्या कपाळाइतकीच गरम. आणि त्याच्या घरी जाऊन मागायला मला लाज वाटत होती. तुला आश्चर्य वाटेल, पण मलाही कधीकधी वाटते.

तेवढ्यात दार वाजलं. बर्फवाला. हातात गोणपाटाचं गाठोडं, त्यातून पाणी ठिबकत होतं. म्हणाला, "हा तुमचा कालचा. मागच्या बाजूला काढून ठेवला होता. तुम्ही न्यायला विसरलात."

उघडून बघितलं तर आत बर्फ होता, लादीचा वितळत वितळत वहाणेएवढा उरलेला. मी भाषण ठोकत होते तेव्हा तो पेटीमागे बघत होता तो यासाठी. मध्येच बोलून मला तोडणं त्याला जमलं नाही. आणि काल दिवसभर, आज सकाळी, लोक दार ठोठावत असताना, त्याने तो तुकडा कुणाला दिला नव्हता.

मी विचारलं, "किती?"

"दहा."

"का रे? चाळीसवाला तू."

"कालच्या भावाचा आहे," तो म्हणाला.

बारक्या, मी त्याला आत घेतला, बसवला, चहा दिला आणि त्याच्या पोटात शिरले. एकेक आकडा बाहेर काढायला घटकाभर लागली, विहिरीतून बादली ओढावी तसं. ऐक. एरवी कारखाना त्याला तुकडा सहाला देतो, टेंपोवाला एक घेतो, तीन त्याला राहतात. झाले दहा. वीज गेल्यावर आपल्या बाजूचा कारखाना बंद. पलीकडचा, नदीपारचा, स्वतःच्या इंजिनावर चालतो. तो मागतो बावीस. पूल दुरुस्तीला, म्हणून टेंपो लांबून, त्याचे अकरा. वाटेत उन्हात वितळतो त्याचे चार. झाले सदतीस. आणि त्याला?

"तीन," तो म्हणाला.

म्हणजे जे तीस मी त्याच्या खिशात शोधत होते ते तिथे कधी पोचलेच नव्हते. तिथे पूर्वीही तीन होते आणि आताही तीनच. आणि मी टाळ्या घेऊन त्याला दहाला विकायला लावलं, तेव्हा एका सकाळीत त्याने घरातलं होतं नव्हतं ते घातलं. आज आणायला त्याच्याकडे पैसेच नव्हते. मी विचारलं, हे काल चारचौघांत का नाही बोललास? तो म्हणाला, "तुम्ही बोलत होता."

तू म्हणशील, नफेखोरी कशाला म्हणायचं हे ठरवायला तुझ्या खात्यात जाडजूड पुस्तकं आहेत. असतील. मला आपलं लहानपणीचं आठवलं. पावसाने ओढा भरला की मी तुला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायचे आणि एका खेपेची एक गोटी घ्यायचे. पाणी कमरेपर्यंत आलं की दोन गोट्या. तू आईकडे रडत गेलास, ताई लुबाडते म्हणून, आणि आईने मला धपाटा घातला. पण पाण्यात उभी मी होते. आज पन्नास वर्षांनी तो धपाटा मला अन्याय वाटतो. (दुसऱ्या बाजूला, पाणी गुडघ्यापर्यंत असतानाही मी 'कमरेपर्यंत आहे' असं सांगून तुझ्याकडून दोन गोट्या घेतल्या होत्या. ती नफेखोरी. फरक मला तेव्हाही कळत होता, तुला वाचता येत असूनही कळला नाही, कारण तू डोळे मिटून बसायचास.)

तर मी माझ्या पिशवीतून पैसे काढून त्याला कारखान्याकडे पाठवला, आणि सातव्या दिवशी पुन्हा खुर्ची मांडली. त्याच पेटीसमोर. जाहीर केलं की आजपासून चाळीस, आणि का ते सगळा हिशेब सांगून समजावलं. टाळ्या वाजल्या नाहीत. मग मी स्वतःच्या डोक्याने एक शोध लावला, की ज्या घरात आजारी माणूस आहे त्याला औषधापुरता तुकडा दहाला. बर्फवाला पहिल्यांदाच 'बरं' म्हणाला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी सांगायचं असल्यासारखा. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. दहा मिनिटांत अर्धी गल्ली आजारी पडली. हेडमास्तर डोकं धरून आले. एका बाईने तर आपल्या धडधाकट नवऱ्याला आडवं करून दाखवायची तयारी दाखवली. तासाभरात मी नियम मोडीत काढला. जो नियम करतो त्यानेच सवलत घेणं बरं दिसत नाही, म्हणून मीही त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पुरते चाळीस मोजून सूनबाईच्या हातावर ठेवले, आणि ठेवताना पहिल्यांदा तोंडातून वाईट शब्द काढला नाही. गर्दी मात्र कमी झाली, बर्फ संध्याकाळपर्यंत पुरला, आणि घमेल्यात पाय कुणी बुडवले नाहीत. आठव्या दिवशी संध्याकाळी वीज आली आणि तुझा पंखा फिरला. बाटल्या सगळ्या शाबूत आहेत. मी जिवंत आहे, हे या पत्राच्या लांबीवरून तुला कळलंच असेल.

पण अर्ज पोचला होता. गेल्या आठवड्यात बर्फवाल्याला तुझ्या कचेरीची नोटीस आली. मी हेडमास्तरांकडे गेले, म्हटलं अर्ज मागे घ्या. ते म्हणाले, आजी, प्रश्न तुमचा राहिला नाही, तत्त्वाचा आहे, आणि पहिलं कलम फार चांगलं उतरलंय. मग बर्फवाल्याकडे गेले. तो पेटी उन्हात घालून धूत होता. विकायला काढली आहे म्हणाला. नोटिशीला काय उत्तर देणार, विचारलं. त्याने खांदे उडवले. त्याला वीस वर्षं ओळखते, म्हणून सांगते काय होईल. तुम्ही विचाराल, चाळीस लावले का? तो म्हणेल, हो. तुम्ही म्हणाल, परवाना ठेवून जा. तो म्हणेल, बरं. आणि ठेवून जाईल.

आता सगळ्यांचे आभार मानून संपवते. तुझे पंख्याबद्दल, औषधवाल्याचे खरं बोलल्याबद्दल, सरबतवाल्याचे जास्तीच्या मुठीबद्दल, हेडमास्तरांचे खुर्ची उचलल्याबद्दल. सूनबाईचे पाच ग्लासांबद्दल. आणि त्या वहाणेएवढ्या बर्फाबद्दल त्याचे, ज्याला मी अजून ते तोंडावर सांगितलेलं नाही, कारण मी आभार मानले तर तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तुझ्या बायकोला, मुलांना आशीर्वाद. पथ्य सांभाळ.

तुझी ताई
(खाली अंगठा. हा सरळ पडला आहे, बघ.)

ता. क. मी तुझ्याकडे रदबदली करत नाहीये. सख्खी बहीण म्हणून परवाना सोड, असं म्हणणार नाही, तुझी नोकरी इतकी वर्षं स्वच्छ राहिली आहे आणि एकाच वर्षाची उरली आहे. मागणं एवढंच, की गुरुवारी तिथे एक खुर्ची जास्तीची ठेव आणि मला त्याच्या बाजूने बोलू दे. त्याच्याजवळ खरं आहे आणि माझ्याजवळ तोंड आहे. दोन्ही एका बाजूला बसली पाहिजेत. बस सकाळी सहाची आहे, म्हणजे तुमच्याकडे दहाला पोचतो. तो, मी आणि सूनबाई.

ता. क. दुसरा. माझ्यावर उपकार केले म्हणून मी आंधळी झाले असं समजू नकोस. हिशेब कळला तरी चाळीस हे चाळीसच. आजारी म्हातारीचा तुकडा तरी त्याने सोडायला हवा होता असं मला आजही वाटतं. पण तो विषय मी संपवला, त्याला माफ केलं, आणि हे मी गुरुवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मोठं मन लागतं त्याला. आता सूनबाई पत्ता लिहिते.

ता. क. तिसरा, हा माझा. मामा, नमस्कार. आईंना मी पत्ता लिहिते आहे असं वाटतंय, म्हणून भराभर लिहिते. अर्जातलं पहिलं कलम खोटं आहे. बर्फवाल्याने आमच्याकडून एकदाही चाळीस घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पंधरा पुढे केले तेव्हाच त्याने पाच परत दिले आणि म्हणाला, औषधाला दहाच, पण कुणाला सांगू नका ताई, नाहीतर सगळ्यांच्या घरी औषध निघेल. अशी आणखी दोन घरं आहेत. ती बोलायला तयार आहेत, मी विचारून आले. आईंना मी सांगितलं नाही, कारण त्यांचा राग गल्लीपुरता असतो पण कौतुक तीन गल्ल्यांना ऐकू जातं. त्या रोज पाटीवरचा आकडा मोजून हातावर ठेवायच्या. उरलेले परत दिले असते तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून मी ठेवून घेत गेले. पाच, पंधरा, आणि तीन वेळा तीस. एकशे दहा झाले, साखरेच्या डब्याखाली आहेत. गुरुवारी ते घेऊन येते आणि आईंच्या देखत तुमच्या टेबलावर ठेवते, मग घरी माझं काय व्हायचं ते होवो. फक्त मला त्यांच्या आधी बोलू द्या, त्या आधी बोलल्या तर शुक्रवार उजाडेल. आणि तुम्ही या खात्यात जन्म काढलात म्हणून विचारते. त्याने दहाला दिलेला बर्फ मी घरात आणून चाळीसला लावला. अर्जात आरोपीचं नाव बदलता येतं का?